स्ट्रोमायच्या दोन अल्बममध्ये नऊ वर्षांचा खंड का?

प्रश्न: ब्रसेल्सचा रॅपर-गायक स्ट्रोमाय याचा ‘रासीन कारे’ हा अल्बम २०१३ मध्ये आला आणि पुढचा ‘म्युल्तित्यूद’ थेट २०२२ मध्ये. ऐन भरात असताना त्याने इतकी वर्षे अल्बम का काढला नसावा? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: मुख्य कारण प्रकृती. २०१५ मधील आफ्रिका दौऱ्यात हिवताप टाळण्यासाठी घेतलेल्या औषधाचे त्याच्या मनावर गंभीर दुष्परिणाम झाले आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले. तरीही त्याच वर्षी तो रवांडाची राजधानी किगालीत गायला. त्याचे रवांडाचे वडील १९९४ च्या वंशसंहारात मारले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मैफलीचे मोल कळते.

प्रतिसाद २: वरील मुद्दा मान्य, मात्र तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. पत्नी आणि भावासह चालवलेल्या संस्थेतून त्याने कपडे आणि चित्रफितींचे काम सुरूच ठेवले. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या ‘टेएफ उं’ वाहिनीवरील बातम्यांत निवेदिकेने एकटेपणाविषयी विचारताच त्याने उत्तरादाखल थेट कॅमेऱ्याकडे पाहत आत्महत्येच्या विचारांवरचे ‘लांफेर’ गायले. बातम्यांत हे शोभते का, असा वादही झाला. मला तो वाद निरर्थक वाटतो.

प्रतिसाद ३: पुढचेही नोंदवतो. २०२३ मध्ये प्रकृतीमुळेच त्याने उरलेला दौरा रद्द केला, आणि २०२४ मध्ये ‘आर्केन’ या मालिकेसाठी गायिका पोम हिच्यासोबत गायलेले त्याचे गाणे जगभर गाजले.