मुंबईत उतरून नागपूरचं विमान : टर्मिनल २ ते टर्मिनल १, हातात पावणेचार तास

प्रतापनगरकर
आई-बाबा (वय ६८ आणि ७३) जूनच्या शेवटी लंडनहून परत येतायत. विमान मुंबईत टर्मिनल २ ला सकाळी ११:२० ला पोहोचतं. नागपूरचं विमान दुपारी ३:१० चं, टर्मिनल १ वरून. कंपनी वेगळी, तिकीट वेगळं, पीएनआर वेगळा. प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. एवढा वेळ पुरेल का? ९२ किलो सामानाचं काय करायचं? आणि व्हीलचेअर कुठे कुठे मागायची?

सोनेगाव_रनवे
भाऊ, उलटं मोजा. देशांतर्गत विमानाचा सामानाचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो. म्हणजे तुमची खरी वेळ ३:१० नाही, २:१०.

आता सुलटं. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यात शेवटी उतरवतात, तेव्हा विमानाबाहेर यायलाच पावणेबारा. इमिग्रेशन आटोपून साडेबारा. चारही बॅगा पट्ट्यावर यायला एक. कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची वाट) बाहेर पडून सव्वा. टॅक्सी शोधा, सामान चढवा, निघा. दोन टर्मिनलमधलं अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, पण जूनच्या पावसात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या आसपास अर्धा-पाऊण तास सहज जातो. दोन वाजता टर्मिनल १ च्या दारात. शिल्लक दहा मिनिटं, आणि तीही लंडनचं विमान वेळेवर आलं तर.

तिकीट वेगळं असल्यामुळे पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीला घेणंदेणं नाही. विमान चुकलं की ‘नो-शो’. तेव्हा भाडं गेलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, ते सोडू नका. बहुतेक लोक मागतच नाहीत.

माझं मत: ३:१० चं बदला आणि टर्मिनल २ वरूनच सुटणारं संध्याकाळचं विमान घ्या, साडेपाचच्या आधीचं नको. टर्मिनल २ ला आगमन दुसऱ्या मजल्यावर, निर्गमन चौथ्यावर. लिफ्टने वर जायचं, दारावर तिकीट आणि पासपोर्ट दाखवायचा, झालं. कुठली कंपनी कुठल्या टर्मिनलवरून उडते ते अधूनमधून बदलतं, म्हणून तिकीट काढताना आणि आदल्या दिवशी, दोनदा बघा.

वजनकाटा
सामानाचा हिशोब सरळ आहे आणि महाग आहे. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो माणशी. दोघांचे ३० धरले तर ६२ किलो जास्तीचे. काही कंपन्या नगही मोजतात, म्हणजे वजन भरलं तरी दुसऱ्या बॅगेचे वेगळे पैसे. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

एकाच पीएनआरवर लंडन-मुंबई-नागपूर असतं तर आंतरराष्ट्रीय मर्यादाच नागपूरपर्यंत चालली असती. तिकीट स्वस्त म्हणून वेगळं काढतात, आणि वाचलेले पैसे इथे जातात. इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो म्हणून सांगतो: एक पीएनआर असला आणि बॅगेवर नागपूरचा टॅग असला, तरी मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्यायच्याच असतात. नंतर बाहेर ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यायच्या. टॅग बघून सरळ पुढे निघून गेलात तर बॅगा मुंबईत आणि तुम्ही नागपुरात.

ड्यूटी फ्रीची बाटली घेतली असेल तर ती सामान पुन्हा देण्याआधी मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

धरमपेठची_ताई
व्हीलचेअर दोन तिकिटांवर दोनदा मागावी लागेल. एका कंपनीची विनंती दुसरीकडे आपोआप जात नाही. किमान ४८ तास आधी नोंदवा आणि प्रकार नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. तुमच्या आईंसाठी मधला. हे महत्त्वाचं यासाठी की नागपुरात प्रत्येक विमान एअरोब्रिजला, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराशी नेणाऱ्या बंद पुलाला, लागेलच असं नाही. नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हटलं तर पहिला प्रकार टाकतात, आणि आई शिडीपाशी उभ्या राहतात.

दुसरं, लंडनच्या कंपनीचा मदतनीस टर्मिनलच्या बाहेरपर्यंतच सोडतो. पुढे नवी खुर्ची देशांतर्गत कंपनीच्या काउंटरवरून मागवावी लागते. म्हणून आईंना दाराशी बसवून बाबांनी काउंटरवर जायचं. चार बॅगा आणि हे सगळं ७३ व्या वर्षी जड आहे. मुंबई विमानतळावर ‘प्रणाम’ नावाची पैसे भरून मदतनीसाची सेवा मिळते, इथे ती घ्यावीच.

देशांतर्गत तिकिटात संपर्काचा मोबाइल तुमचा द्या, त्यांचा लंडनचा नको. लंडनचं विमान उशिरा सुटलं तर ते हवेत असतानाच तुम्ही नागपुरातून पुढचं तिकीट बदलू शकता, ओटीपी तुमच्याकडे येईल. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, दोन दिवसांची जास्त.

मध्य_रेल्वे_प्रेमी
राजेहो, दुरंतो कोणी काढलीच नाही! १२२८९ सीएसएमटीहून रात्री आठच्या सुमारास निघते, सकाळी सातच्या सुमारास नागपूर. एसी टू टियरमध्ये माणशी ५० किलो फुकट, म्हणजे दोघांचे १००. ९२ किलो त्यात बसतात. तिकीट काढताना ज्येष्ठ नागरिकांचा खालच्या बर्थचा कोटा निवडा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सीएसएमटीला टॅक्सी पी. डिमेलो रोडच्या बाजूने घ्या, १८ नंबरच्या फलाटाकडे, म्हणजे सामान कमी ओढावं लागतं. विमान तीन तास उशिरा आलं तरी गाडी मिळते.

धरमपेठची_ताई
पैशाच्या हिशोबात बरोबर. पण नऊ तासांच्या विमानानंतर दुपारभर मुंबईत कुठे बसायचं? नातेवाईक असतील तरच. आणि समृद्धीवरून टॅक्सीने ७०० किलोमीटर असा सल्ला कोणी देऊ नका, रात्रीच्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हर पेंगतात.

सोनेगाव_रनवे
पुढच्या वेळी लंडन-दोहा-नागपूर एका तिकिटावर मिळतं का ते बघा. सामान लंडनला दिलं की थेट सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर, इमिग्रेशन-कस्टम्स नागपुरातच. विमान अपरात्री उतरतं, एवढंच.

प्रतापनगरकर
३:१० चं रद्द केलं. टर्मिनल २ वरून ६:४० चं मिळालं, दोन बॅगांपुरतं जास्तीचं वजन आधीच घेतलं. उरलेल्या दोन बॅगा मुंबईत मावसभाऊ घेऊन जाईल, तो पुढच्या महिन्यात रेल्वेने येतोय. सोनेगावहून घरी यायला मेट्रो चालेल का?

वजनकाटा
मेट्रोचं स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. व्हीलचेअर आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन नको. गाडी घेऊन जा, पण सीएनजीची असेल तर आधी डिकी उघडून बघा. सिलिंडरमुळे २३ किलोची एक बॅगसुद्धा आडवी बसत नाही. भाड्याने घेणार असाल तर इनोव्हा सांगा आणि मागची सीट दुमडून ठेवायला सांगा.