रोम ६:१४ आणि बायबलच्या कव्हरातली पुडी

नगरी_कारकून

सर्वांना सलाम. नाव लिहीत नाही, आमच्या मंडळीतले (चर्चमधले) चारपाच जण इथे वाचतात.

नगरपासून तासाभरावर तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेत वसुलीचे हिशेब बघतो. वय ४३. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, म्हणजे मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. रविवारी संडेस्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो. आणि एकोणीस वर्षं मावा खातोय.

मुंबईकडच्यांसाठी सांगतो, हा खव्याचा मावा नव्हे. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवाला असा रगडतो की सुपारी ओलसर होते, मग कागदाला पीळ देऊन पुडी हातात. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी हे विचारतात.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत सोडला. खरंच सोडला, एक चिमूट नाही. ईस्टरच्या उपासनेत पाळकसाहेबांनी साक्षीला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. मी बोलून गेलो, "प्रभूने मला सोडवलंय, आता त्याचा वाससुद्धा नको वाटतो." वासाचं तेव्हाही खोटंच होतं. पण मंडळी हालेलूया म्हणाली, बायको रडली, आणि मग ते वाक्य मागे घेता येईना.

सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सभा असते. आदल्या रात्री ताळेबंदात काहीशे रुपयांचा फरक निघत होता, अकरा वाजले होते. शेजारच्या टेबलावरच्याने न विचारता तळहात पुढे केला. मीही न बोलता चिमूट उचलली. फरक दहा मिनिटांत सापडला, हे वर. तेव्हापासून दिवसाला तीन पुड्या. घरात नाही, मंडळीत नाही. गाडीच्या डिकीत.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात वर्गात बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय होता. चौदावं वचन मोठ्याने वाचलं, "तुमच्यावर पापाची सत्ता चालणार नाही". खूण करायला पेन हवं म्हणून बायबलच्या चेनच्या कव्हराचा कप्पा उघडला, तर पेनाबरोबर पुडी बाहेर आली आणि टेबलावर पडली. मी हात ठेवला. समोरचा नववीतला मुलगा म्हणाला, "सर, काय पडलं?" मी म्हणालो, "बडीशेप." आणि पुढचं वचन वाचायला घेतलं.

तो मुलगा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तर विचारायचं ते हे. वचन भूतकाळाचं की भविष्याचं? माझी सुटका झालीच नव्हती, की झाली होती आणि मी ती हरवली? की हे सगळं मेल्यावरच खरं होतं? कृपा करून "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका. ती चालू आहे.

अग्निज्वाला

बंधू, राग मानू नका, स्पष्ट लिहितो. १ योहान तिसरा अध्याय उघडा. जो देवापासून जन्मला तो पाप करीत राहत नाही. तुमचा नवा जन्म झालाय का ते आधी तपासा. तिसरी पिढी वगैरे देवाला सांगू नका, देवाला नातवंडं नसतात. मी दारू एका रात्रीत सोडली, आज चौदा वर्षं बाटलीला बोट लावलं नाही. तीन दिवस उपास धरा आणि ती पुडी जाळून टाका.

नगरी_कारकून

पुडी दोनदा जाळलीय भाऊ. तंबाखू जळताना इतका छान वास येतो की दुसऱ्या वेळी परत टपरीवरच गेलो.

मिरजेची_सिस्टर

दादा, तुमचं वाचून हसूही आलं आणि काळजीही वाटली. मी चोवीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी दातांच्या आणि तोंडाच्या ओपीडीत गेली. आधी आरशासमोर उभे राहा. तर्जनी, मधलं आणि अनामिका, अशी तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट लागलं की आग होत असेल, गाल आतून पांढुरका, ताठ वाटत असेल, तर हे सगळं वाचणं थांबवा आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. हे सुपारीमुळे होतं. तंबाखू वाईट आणि सुपारी साधी, हा गैरसमज आहे.

दुसरं. निकोटीनची तलफ म्हणजे सैतान दारात उभा असं समजू नका. एकोणीस वर्षं मेंदूला जे दिलं, ते मेंदू मागणारच. पहिले काही दिवस चिडचिड, झोप न येणं, मग हळूहळू उतरतं. त्यासाठी निकोटीनचे च्युइंग गम असतात, औषधं असतात. तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. कंपनीच्या पुडीवर तो नंबर छापलेला असतो, तुमच्या टपरीच्या पुडीवर कुठून असणार. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, चष्मा का लावता?

मला विचाराल तर मावा हा आजार आहे आणि "बडीशेप" हे पाप आहे. दोन्हींची गल्लत करताय म्हणून एकही सुटत नाहीये.

अग्निज्वाला भाऊ, तुमची दारू एका रात्रीत सुटली, देवाची स्तुती असो. सगळ्यांची तशी सुटत नाही. वॉर्डात बघितलंय.

राहुरीचे_आजोबा

मी निवृत्त पाळक आहे, वय ७८, एका बोटाने टाइप करतो. उशीर झाला त्याची माफी.

अग्निज्वाला यांनी तिसरा अध्याय दिला. त्याच पत्राचा पहिलाही वाचावा. आमच्यात पाप नाही असं म्हणू तर आपण स्वतःलाच फसवतो, असं तिथे लिहिलंय. एकाच हाताने दोन्ही लिहिलं. आणि नवा जन्म झालाय की नाही हे असं बाहेरून ठरवण्याची घाई बरी नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे झाला. पुढे १९०७ साली त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली, त्यात त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा होता. संस्थेला मुक्ती हे नाव देणारी बाई हे लिहिते. तिने आठ वर्षं झाकली नाहीत, छापली. तुमची पाच महिन्यांची साक्ष झाकून ठेवल्यामुळे कुजलीय, एवढंच मला दिसतं.

आता वचनाकडे. चौदाव्या वचनाच्या आधी बारावं येतं. तिथे पौल म्हणतो, पापाने तुमच्या मर्त्य शरीरात राज्य करू नये. ही आज्ञा आहे. पाप गाव सोडून गेलं असतं तर आज्ञा कशाला लागली असती? म्हणजे ते आहे, दार ठोठावतंय. चौदाव्यात आज्ञा नाही, आश्वासन आहे: सत्ता चालणार नाही. ठोठावणार नाही असं त्यात म्हटलेलं नाही. तुम्ही ईस्टरला दुसरं बोललात. "वाससुद्धा नको वाटतो" असं पौलाने कुठेच लिहून दिलेलं नाही.

अकराव्या वचनात "पापाला मेलेले असे माना" आहे. हा "माना" म्हणजे डोळे मिटून कल्पना करा असं नव्हे. चौथ्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा "गणण्यात आला", तिथे ग्रीक भाषेत हाच शब्द आहे. जमाखर्चातला शब्द. तुम्ही पतसंस्थेतले, तुम्हाला काय सांगायचं. कर्ज फिटलं, बेबाकी दाखला हातात आला, तरी सातबारावरचा बोजा उतरायला तलाठ्याकडे फेऱ्या होतातच. मधल्या काळात वसुलीवाला दारात आला तर माणूस काय करतो? दाखला दाखवतो. त्याला हप्ता देत नाही. (उपमा लंगडी आहे. देवाकडे तलाठी नाही.)

सिस्टरबाईंचं जवळजवळ सगळं पटलं, शेवटचं नाही. पौल आजार आणि पाप अशी सरळ फाळणी करत नाही. तेराव्या वचनात तो अवयवांबद्दल बोलतो, की ते पापाला हत्यार म्हणून देऊ नका. अवयव म्हणजे अगदी हाडामांसाचे. तुमच्या बाबतीत डावा तळहात आणि उजवा अंगठा. पुडीवर पडला तोही हातच. रोमच्या मंडळीत गुलाम होते, सोळाव्या अध्यायातली कित्येक नावं तेव्हा गुलामांना ठेवली जाणारी आहेत. हात आपला असून आपल्या मालकीचा नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

सातव्या अध्यायात "जे इच्छीत नाही तेच करतो" म्हणणारा माणूस विश्वासणारा की विश्वासाआधीचा, यावर फार जुना वाद आहे. जुन्या काळचा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याचं स्वतःचंच मत आयुष्यात बदललं; प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर त्याच्या नंतरच्या मताकडे, म्हणजे विश्वासणारा या बाजूला गेला, मेथॉडिस्टांचा वेस्ली उलटीकडे. मी सेमिनरीत वेस्लीच्या बाजूने भांडायचो. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन बसल्यावर भांडणं सोडलं.

त्या मुलाला खरं सांगा. आधी घरी.

वसईकर

आम्ही कॅथलिक, तेव्हा इथे जपून बोलतो. आमच्यात फादरसमोर पाप बोलून दाखवावं लागतं. तुम्ही लोक चेष्टा करता की शनिवारी कबुली आणि सोमवारी परत तेच. होतं तसं, नाही कशाला म्हणू. मी स्वतः एकच पाप इतक्यांदा सांगितलंय की फादर पुढचं वाक्य ओळखत असतील. पण एक आहे, तिथे "बडीशेप" म्हणता येत नाही. तुमच्या साक्षीत माणूस जिंकल्यावरच बोलतो. हरलेल्याने उभं राहायची जागा तुमच्या रविवारच्या उपासनेत कुठे आहे? चिडून नाही विचारत, खरंच माहीत नाही.

राहुरीचे_आजोबा

वसईकर, जागा असायला हवी. प्रभुभोजनाआधी आम्ही पापांगीकार करतो, पण सगळे मिळून आणि छापील. त्यात कुणाचीच पुडी दिसत नाही. तुमचा टोला लागला.

नगरी_कारकून

नऊ दिवसांनी लिहितोय.

आजोबा, वसुलीवाल्याचं तुम्ही लिहिलंत आणि मला आमच्या एका खातेदार म्हातारीची आठवण झाली. कर्ज फिटून दोन वर्षं झाली, दाखला मीच टाइप केला होता. तरी रस्त्यावर संस्थेची जीप दिसली की ती ओसरीवरचं शिलाई मशीन आत ओढते. जप्तीच्या भीतीने. आम्ही हसायचो. परवा जीपमधून तिच्या दारावरून गेलो, ती मशीन ओढत होती, आणि मला हसू आलं नाही.

त्या रात्री बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, किंवा म्हणेल मला कधीच कळलं होतं. यातलं काहीच झालं नाही. ती संतापली, आणि माव्यावर नाही. म्हणाली, "माझ्या भावाला मम्मी वर्षभर तुमची साक्ष ऐकवतेय." मेहुणा पितो. सासूबाईंनी त्याला उठता-बसता सांगितलं होतं, जावयाला प्रभूने सोडवलं, तुलाच का नाही, तुझाच विश्वास कच्चा. ईस्टरनंतर त्याने आमच्याकडे येणं बंद केलं होतं. मला वाटायचं कामात असेल. हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, बडीशेपसकट. तो बराच वेळ गप्प. मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग म्हणाला, "दाजी, शनिवारी येऊ का?" आला. पिऊन नव्हता आला. जेवला, फारसं बोलला नाही, जाताना माझ्या गाडीची डिकी उघडून बघितली आणि तशीच लावली.

मुलालाही सांगितलं, वर्ग सुटल्यावर. तो म्हणाला, "माहीत होतं सर, माझे पप्पा पण खातात." पाळकसाहेबांना बोललोय, त्यांनी वर्ग काढून घेतलेला नाही, पण पुढच्या ईस्टरला साक्ष नको म्हणाले. मी म्हणालो, मला तर त्याआधीच एकदा उभं राहायचंय, ती जुनी साक्ष दुरुस्त करायला. विचार करतो म्हणाले.

मावा सुटलाय असं लिहिणार नाही. नऊ दिवसांत दोनदा खाल्ला, दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. तिने दोन्ही वेळा जेवण वाढलं आणि बोलली नाही.

सिस्टर, तीन बोटं गेली, तिसरं थोडं अडलं. डॉक्टरांना दाखवलं, पुढच्या सोमवारी परत बोलावलंय. त्यांनी गम लिहून दिलाय. मी तो साध्या च्युइंग गमसारखा चघळला, तर उचकी लागली आणि मळमळलं. बरोबर कसा घ्यायचा?

मिरजेची_सिस्टर

सगळे हेच करतात. सावकाश चार-पाच वेळा चावा, जिभेला चुणचुण लागली की थांबा आणि गालात धरून ठेवा. चुणचुण गेली की परत चावा, पुन्हा गालात, आळीपाळीने दोन्ही बाजूंना. अर्धा तास चालतो एक. चहा-कॉफी त्याच्या आधी पंधरा मिनिटं नको, नाहीतर लागू पडत नाही.

आणि तिसरं बोट अडलं हे सोमवारी डॉक्टरांना आवर्जून सांगा. "थोडं" म्हणून सोडून देऊ नका.