फायबर बोटीच्या सीटचा बेस उखडलाय, जाड स्क्रू मारू की फ्लोअर उघडू?

बामणोली_घाट
नमस्कार मंडळी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात चालणारी १८ फुटी फायबर बोट आहे. चालकाच्या फिरत्या सीटखालची चौकोनी प्लेट डुगडुगते. चारपैकी दोन स्क्रू गरगर फिरतात, आवळतच नाहीत. एक काढला तर आट्यांत ओला काळा भुसा निघाला. जाड स्क्रू चालेल का? पाऊस लागायच्या आत उरकायचंय. सामान किती लागेल तेही सांगा.

रेझिनवाला
जाड स्क्रू अजिबात नको. काळा भुसा म्हणजे फायबरच्या दोन थरांमधला प्लाय कुजलाय, स्क्रूला धरायला काही उरलेलंच नाही. पाणी त्याच भोकांतून आत गेलंय.

आधी रुपयाच्या नाण्याने फ्लोअर ठोकत बाहेर सरका. टणक 'टक्' येतो तिथे प्लाय शाबूत, 'भद्' येतो तिथे गेलेला. हद्द खडूने आखा. 'भद्' भोकांपुरतंच असेल तर भोकं मोठी करून इपॉक्सी (हार्डनर कालवल्यावर घट्ट होणारं रेझिन) भरून भागतं. वीतभर पसरलं असेल तर वरचा थर कापावाच लागेल.

बामणोली_घाट
ठोकून पाहिलं. साधारण ३५ बाय ३० सेंमी भाग भद्द वाजतो. खालून हात जात नाही.

रेझिनवाला
मग उघडा. ग्राइंडरला कटिंग व्हील लावून फक्त वरचा थर, ३-४ मिमी, कापा. आधी फ्लोअरखाली पेट्रोलची नळी किंवा वायर जात नाही ना, ते बघा. फायबरची धूळ फुप्फुसाला वाईट. तोंडाला रुमाल पुरत नाही, धुळीचा चांगला मास्क आणि चष्मा लावाच. काळा प्लाय पटाशीने खरवडा, कोरडं पांढरं लाकूड लागेपर्यंत. मग हॅलोजनचा दिवा लावून तीन-चार दिवस सुकवा. इथे घाई केली तर ओल आत कोंडते आणि नवा प्लायही जातो.

नवा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन, जुन्याच्याच जाडीचा. बसवण्याआधी सहाही बाजूंना, कडांना विशेष, पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. कडेनेच पाणी शिरतं.

फायबर_शेड_सातारा
एवढ्याला इपॉक्सी कशाला? साधं पॉलिएस्टर रेझिन आणि ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, तीन थर, झालं काम. ५० बाय ५० सेंमी धरलं तर मॅट ३५० ग्रॅमच्या आत, रेझिन दीड किलो, हार्डनर किलोला १५ ग्रॅम. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं द्रव्य) आधीच घातलेलं रेझिन मागा. सुटं आणलंत तर कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, भडका उडतो.

रेझिनवाला
मॅटचा हिशेब बरोबर आहे, पण लाकडावर पॉलिएस्टर नीट धरत नाही, काही काळाने पापुद्रा सुटतो. सीटच्या बेसवर ओढ सतत असते, म्हणून मी इपॉक्सीच म्हणेन. इपॉक्सीसोबत ती मॅट मात्र नको. बहुतेक मॅटमधला चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत मॅट ताठच राहते. विणलेलं काचकापड घ्या. इपॉक्सीचं हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, काट्यावर तोलून. जास्त घातलं तर लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा, मोठा डबा तापून उकळतो.

कापलेल्या कडा घासून उतरत्या करा. ३ मिमी थराला किमान ३५ मिमी उतार. सरळ काठाला काठ भिडवला तर तडा नेमका तिथेच पडतो. शेवटचा हात पीयू (पॉलियुरेथेन) पेंटचा. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट (बोटीचा वरचा चकचकीत रंगीत थर) टिकत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
स्क्रू पुन्हा लावूच नका, आरपार बोल्ट टाका. सीटच्या पाठीला ६० सेंमी उंचीवर २० किलोचा रेटा बसला आणि प्लेटचे बोल्ट १५ सेंमी अंतरावर असले, तर एका बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून ८० किलोची ओढ येते. बोट आपटते तेव्हा आणखी. स्क्रू एवढं किती दिवस सोसणार?

हात जायला शेजारी ६ इंची झाकणाची गोल खिडकी पाडा. एम८ चे (८ मिमी जाड) एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचे बोल्ट पुरतात, आपलं पाणी गोडं आहे. खाली ६ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट, वरच्या प्लेटपेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी मोठी. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीत कोणीही कापून देईल. भोक आधी १२ मिमीचं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून ८.५ मिमीचं पाडा. म्हणजे सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. ड्रिलला टेप गुंडाळून खोली ठरवा, नाहीतर बोटीचा तळच भोकाल.

आत नायलॉनची रिंग असलेले स्टीलचे नट हातपान्याने, आट्यांना थोडं ग्रीस लावून आवळा. इम्पॅक्ट मशीनने मारलं की स्टीलवर स्टील तापून धरतं, मग बोल्ट कापावाच लागतो.

सीलंट पीयूचं. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही आणि रेझिनही धरत नाही. पहिल्यांदा बोल्ट अर्धवट आवळा, एक दिवस जाऊ द्या, मग पाव आटा.

बामणोली_घाट
प्लेट कापायला टाकतो. खिडकी सीटच्या मागे पाडू की बाजूला?

कृष्णाकाठ_सांगली
मागे. बाजूला पाय पडतो आणि झाकणाची कड दबते. बेसच्या कडेपासून १५ सेंमी तरी सोडा.