मदत हवी आहे: बीपीच्या गोळ्या बनावट निघाल्या तर वाढवलेल्या डोसचं काय करायचं?

बाबांच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल दाट शंका येतेय. डॉक्टर किंवा औषधनिर्मितीतल्या कुणी कृपया मार्गदर्शन करावं.

बरीच वर्षं एकच गोळी चालू आहे आणि बीपी आटोक्यात असायचं. मागच्या खेपेला ती ऑनलाइन मागवली आणि आकडे चढायला लागले. आजार बळावला असं समजून डॉक्टरांनी डोस दुप्पट केला. काल नीट बघितलं तर खोक्यावरचा बॅच नंबर एक, आतल्या स्ट्रिपवरचा दुसराच. फॉइलवरची एक्स्पायरी अंगठ्याने चोळली की पुसली जाते. गोळी बाहेर काढताना कडेचा भुगा पडतो. आधीची चांगली टणक असायची.

माझा मुख्य प्रश्न असा: या गोळीत औषध कमी असेल किंवा नसेलच, तर अस्सल गोळ्या याच दुप्पट डोसने दिल्यावर बीपी एकदम खाली जाणार नाही का? बाबांना चक्कर येऊन ते पडले तर? बीपीची काही औषधं अचानक थांबवणंही धोक्याचं असतं म्हणे. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोय, त्यांना आणखी काय विचारू?

हा प्रकार सहसा उघडकीला येत नाही तो यामुळेच, असं मला वाटतं. गुण आला नाही की दोष आजाराला जातो, औषधावर कुणाचा संशय जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर 10 औषधांमागे 1 निकृष्ट किंवा बनावट असतं. त्यात अँटिबायोटिक आणि मलेरियाची औषधं बरीच. अर्धवट ताकदीच्या अँटिबायोटिकने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात आणि ते पुढे इतरांनाही लागतात. म्हणजे ज्याने ती गोळी कधी घेतलीच नाही, त्यालाही फटका. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गाम्बियात तर डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलांच्या किडन्या निकामी होऊन कित्येक मुलं दगावली.

उरलेल्या स्ट्रिप, खोकं आणि बिल जपून ठेवलंय. औषध नियामकाकडे तक्रार करताना सगळ्या स्ट्रिप देऊन टाकायच्या की काही आपल्याकडे ठेवायच्या? मूळ कंपनीला बॅच नंबर कळवला तर ती तो पडताळून देते का? याच बॅचच्या गोळ्या आणखी कुणाच्या घरी गेल्या असतील, त्यांच्यापर्यंत हे लवकर पोचवायचं कसं?