ग्रुप काढा, पण नंबर झाकून

वरती ताईंनी सुचवलंय की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरींचा डिजिटल हक्कांवर एक मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू. काढा की, पण साध्या ग्रुपात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि मग रात्री 'हाय डिअर' सुरू, त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचीच कम्युनिटी (अनेक ग्रुप एका छताखाली) काढा, तिच्या अनाउन्समेंट म्हणजे सूचनांच्या ग्रुपात मेंबरना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत (अ‍ॅडमिनला दिसतात, म्हणून अ‍ॅडमिन कोण ते आधी ठरवा, कोणाचा तरी भाऊ नको).

आमच्या चोपड्याकडे बाईचा फोन म्हणजे घरातला फोन, पोरगं त्यावर गेम खेळतं, सासू भजनं लावते, तिथे प्रायव्हसीचं लेक्चर काय कामाचं? अहिराणीत छोटे व्हॉइस मेसेज टाका, डिसअपिअरिंग (मेसेज काही काळाने आपोआप पुसले जातात ती सोय) चालू ठेवा.

आणि फोटो व्हायरल करायची धमकी आली तर पोरीचा फोन काढून घेतात, हा कुठला न्याय! 2021 पासून स्टॉपएनसीआयआय आहे, म्हणजे संमतीशिवाय खाजगी फोटो पसरवणं रोखणारी वेबसाइट, 18 वर्षांवरच्यांसाठी, त्यात फोटो कुठे अपलोड होत नाही, आपल्याच फोनमध्ये त्याचा हॅश (फोटोचा आकड्या-अक्षरांतला ठसा) बनतो नि तेवढाच फेसबुक-इन्स्टाकडे जातो, म्हणजे तो फोटो तिथे आला तर त्यांना ओळखून अडवता येतो. 18 खालच्या पोरींसाठी अशीच टेक इट डाऊन नावाची सेवा वेगळी आहे. ग्रुपात पहिल्याच दिवशी हे दोन्ही पिन करा.