मदत हवी आहे: वडिलांच्या जॅझवादनाचा ठेवा कसा जपावा?

माझे वडील मूळचे गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळेत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून ते मुंबईत आले आणि रात्री हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये, तर दिवसा हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणात त्यांनी आयुष्यभर ट्रम्पेट वाजवला. संगीतकार सी. रामचंद्रांसोबत काम केलेल्या ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचे नाव आजही घेतले जाते. परंतु श्रेयनामावलीत वादकांची नावे देण्याची प्रथा नसल्यामुळे वडिलांसारख्या अनेकांचे काम निनावीच राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यांच्या पश्चात पाव इंची ध्वनिफितींची रिळे, थोड्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आणि हस्तलिखित नोटेशनच्या वह्या आमच्याकडे आहेत. दमट हवेत फितीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो व अशी फीत घाईने वाजवल्यास त्यावरचा आवाज कायमचा जाऊ शकतो, म्हणून मी रिळांना हात लावलेला नाही. फीत आधी तपासून, मगच २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा उच्च दर्जाचे डिजिटल रूपांतर करणारे जाणकार मुंबई-पुण्यात कोणाला माहीत आहेत का? गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीत-संग्रहालयात कोणी असा ठेवा सुपूर्द केला आहे का, आणि तेव्हा हक्कांविषयी काय ठरले? त्या काळच्या वाद्यवृंदांत वाजवलेल्या ज्येष्ठांशी गाठ घालून दिल्यास, कोणत्या गाण्यांत वडील होते हेही नोंदवून ठेवता येईल.