टीवायबीएएफ नंतर सीए इंटर डायरेक्ट एंट्रीने करावं का?

टीवायबीएएफला (बीकॉम अकाउंटिंग अँड फायनान्सचं शेवटचं वर्ष) आहे, मुंबई विद्यापीठ. सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, दिली नव्हती. आता डायरेक्ट एंट्रीने, म्हणजे पदवीच्या जोरावर फाउंडेशन न देता, सीए इंटर (पुढची पायरी) करायचा विचार आहे पण घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. कॉलेजचा अभ्यास तिकडे उपयोगी पडतो का? सीनियर ताई-दादांनी प्लीज सांगा.

उत्तर १: डायरेक्ट एंट्रीसाठी कॉमर्स ग्रॅज्युएटला पदवीत ५५ टक्के लागतात, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरला अजिबात ढिलाई करू नकोस. शेवटच्या वर्षात असतानाच प्रोव्हिजनल नोंदणी करता येते, ती करून टाक, रिझल्टची वाट बघत बसलं की महिने जातात. नवीन स्कीममध्ये आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग) २ वर्षांची आहे आणि स्टायपेंड मिळतो, घरच्यांना हे नक्की सांग. पण इंटरचे दोन्ही ग्रुप (पेपरांचे गट) झाल्याशिवाय ती सुरू होत नाही हां.

उत्तर २: उपयोग होतो गं, पण पाठ करून नाही. आमच्या वर्गात कॅश फ्लोचा (पैसा कुठून आला, कुठे गेला याच्या तक्त्याचा) फॉरमॅट सगळ्यांना तोंडपाठ होता आणि भरलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये (कर्ज-भांडवलाच्या भागात) का जातं विचारलं की सगळे गप्प. इंटरला ३० टक्के मार्कांचे एमसीक्यू असतात, तिथे हेच 'का' विचारतात. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के लागतात, म्हणून कॉस्टिंग, टॅक्स आत्ताच पक्कं कर.

प्रश्नकर्ती: खूप थँक्यू ताई! आज रात्री बाबांशी बोलते.